नीसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर सहकुटुंब पोहायचं आहे. काय सांभाळावं?

कोथरूडकर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस दक्षिण फ्रान्समध्ये नीसला मुक्काम आहे. हॉटेल प्रोमनाद देझांग्ले या किनाऱ्यालगतच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. सोबत बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि वडील (वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू). मी सोसायटीच्या तलावात २५ मीटरच्या वीस फेऱ्या न थांबता मारतो. मुलगा तलावात पोहतो, समुद्रात कधी उतरलेला नाही. बायकोला पोहता येत नाही. वडील तरुणपणी विहिरीत पोहायचे.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसते असं वाचलं. म्हणजे काशीद, हरिहरेश्वरसारखी वेळ बघायची भानगड नाही आणि पाणी तलावासारखं, असं धरून चालावं का? शिवाय तिथले झेंडे, जेलीफिश आणि मुलाला घेऊन नक्की कुठे उतरावं, याबद्दल जाणकारांनी सांगावं. 'सगळं सुंदर आहे, मजा करा' छापाचं बरंच वाचून झालंय.

उपरवारा

भरती-ओहोटी नाही हे बरोबर. म्हणून तलाव, हे साफ चूक.

नीसला पाण्याची पातळी दिवसभरात वीस-तीस सेंटिमीटर हलते. मुंबईत उधाणाच्या दिवशी हाच आकडा चार मीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे धोक्याची वेळ बरीचशी पंचांगात सापडते. तिथे धोका दोन गोष्टींवर ठरतो: वारा, आणि पायाखालचा उतार. पैकी उताराबद्दल पर्यटकांना कोणी सांगत नाही.

गुहागरला पन्नास पावलं आत गेलात तरी पाणी कमरेला. नीसच्या मुख्य किनाऱ्यावर चार-पाच पावलांत पाय सुटतात. आल्प्सचे डोंगर तिथे थेट समुद्रात उतरतात, मधली उथळ पट्टी जवळपास नाहीच. दहाएक किलोमीटरच्या आत खोली हजार मीटरपलीकडे जाते. (१६ ऑक्टोबर १९७९ रोजी विमानतळालगतच्या नव्या भरावाचा मोठा भाग याच उतारावरून खाली घसरला आणि त्याने उठलेली लाट जवळच्या आंतीब गावापर्यंत पोचली. पोहणाऱ्याला याचा रोजचा उपयोग शून्य, पण खाली काय आहे त्याचा अंदाज येतो.)

उताराचा परिणाम लाटेवर होतो. कोकणात लाट लांबवर फुटते आणि फेसाळत, दमून किनाऱ्याला येते. नीसला ती अगदी काठावर, एकदम, सगळ्या वजनानिशी आपटते आणि परत जाताना गोट्यांसकट ओढते. गोटे पायाखालून सरकतात, माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसावर पुढची लाट येते. लाट अर्ध्या मीटरची असली तरी नऊ वर्षांचं पोर आडवं होतं. घोटा मुरगळणं, खांदा निखळणं, मानेला मार हे सगळं याच दोन मीटरच्या पट्ट्यात होतं. त्यामुळे तिथे आत कसं जायचं याआधी बाहेर कसं यायचं ते ठरवा.

आधी दहा मिनिटं काठावर बसून नुसतं बघा. लाटा गटाने येतात: चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. मोठा गट संपला की उतरायचं आणि मांडीभर पाणी आलं की वेळ न दवडता पुढे झेपावून तरंगायचं. घोटा ते मांडी एवढ्या पाण्यात उभं राहून गप्पा मारणं सगळ्यात वाईट, लाट तिथेच फुटते.

बाहेर येताना, लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्यात थांबा आणि मागे वळून बघा. मोठा गट जाऊ द्या. मग एका लहान लाटेच्या पाठीवरून काठाकडे पोहा आणि हाताला गोटे लागले की उभे राहू नका. सरळ रांगत, हातापायांवर, कोरड्या गोट्यांपर्यंत वर चढा. दिसायला बावळट दिसतं, स्थानिक लोकही असंच करतात. मध्येच लाटेने मागे ओढलं तर गोट्यांत बोटं रुतवून झगडू नका. पुन्हा आत जा, श्वास घ्या, पुढच्या उसंतीची वाट बघा. समुद्राकडे पाठ करून चालत बाहेर येणं कटाक्षाने टाळा.

वहिनींसाठी: पाणी आरशासारखं सपाट असेल तर काठावर बसून पाय भिजवायला हरकत नाही. लाट असेल तर तिथे 'फक्त पाय भिजवणं' असा प्रकार नसतो.

पाण्यातले जाड रबरी तळव्याचे बूट चौघांनाही घ्या. ते मागे पट्टा किंवा दोरी असलेले हवेत, नुसते पायात सरकवायचे लाटेत निघून जातात. साध्या चपलांचं तर नावच नको. दुपारी गोटे तापतात, तेव्हा वरही हेच बूट लागतात. आणि बसायला पातळ चादर नको, जाड फोमची चटई न्या.

साळुंकी

वरच्याला पूर्ण अनुमोदन. मी झेंडे आणि वारा यांचं लिहिते.

फ्रान्सने २०२२ मध्ये किनाऱ्यावरचे झेंडे बदलले. आता ते आयताकृती असतात, जुन्या ब्लॉगांवर तिकोनी दिसतील. हिरवा: जीवरक्षक हजर, उघड धोका नाही. पिवळा: जीवरक्षक हजर, पण धोका आहे, मर्यादित किंवा बराच. लाल: पोहायला बंदी. जांभळा: पाणी दूषित किंवा त्रासदायक जीव आलेले. झेंडाच नसेल तर 'सगळं ठीक' असं समजू नका, त्याचा अर्थ कुणी लक्ष ठेवून नाही, आपली जबाबदारी आपली. संध्याकाळी जीवरक्षकांची वेळ संपली की झेंडा उतरतो आणि नेमकी तेव्हाच ऊन उतरलं म्हणून लोक पोरांना घेऊन येतात. वेळा मदतकेंद्राच्या फलकावर असतात, त्या पहिल्याच दिवशी वाचून ठेवा.

देखरेखीच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वर लाल, खाली पिवळा असे दुरंगी झेंडे असतात. तुम्ही त्या दोघांच्या मधेच पोहा. काळे-पांढरे चौकडे असलेला झेंडा पाण्यावरच्या खेळांच्या जागेचा, तिथे पोहणाऱ्याचं काम नाही.

एक खूण मात्र बहुतेक पर्यटकांच्या ध्यानात येत नाही. खांबावर नारिंगी वाऱ्याची पिशवी दिसली, विमानतळावर असते तशी, तर हवा भरलेल्या वस्तू पाण्यात न्यायच्या नाहीत. नीसला साधारणपणे सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारकडे समुद्रावरून वारा सुटून लाटा वाढतात. मुलाला न्यायचं तर साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ उत्तम. पण वारा जमिनीकडून असेल तर उलटा खेळ होतो: काठावरचं पाणी एकदम गुळगुळीत दिसतं आणि फुगवलेला हंस, गादी, रबरी चाक गुपचूप आत जायला लागतं. तलावात पोहणारा माणूस समुद्रात ताशी दोन-तीन किलोमीटर पोहतो. वाऱ्यावरची गादी त्याहून सहज पुढे जाते. रिकामी गादी गेली तर जाऊ द्या. मूल तिच्यावर असेल तर त्याला आधीच शिकवून ठेवा: गादी सोडायची नाही, घट्ट धरून एक हात वर हलवायचा. बापाने मागे पोहत न जाता जीवरक्षकाला हाक मारायची. खरं सांगायचं तर हंस घरीच राहू द्या.

किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंत पिवळ्या बोयांची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची) हद्द असते आणि तिच्या आत बोटींना ताशी पाच नॉट, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरची मर्यादा. मर्यादा आहे म्हणजे बोटी येत नाहीत असं नव्हे. दोन ओळींत लावलेल्या बोया, एका बाजूला शंकूच्या आणि दुसऱ्या बाजूला नळकांड्याच्या आकाराच्या, म्हणजे बोटींची ये-जा करायची वाट. ती कधीही पोहून ओलांडू नका.

तुमच्या वीस फेऱ्यांबद्दल. ५०० मीटर झाले खरे, पण दर २५ मीटरला भिंत होती, लाथ मारून ढकलायला आणि धरायलाही. समुद्रात त्याच्या निम्म्यावर थांबा. सरळ आत न जाता काठाला समांतर पोहा. आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. कमरेला बांधायचा भडक नारिंगी तरंगता फुगा मिळतो, तो लावा. बोटवाल्याला डोकं दिसत नाही, फुगा दिसतो.

धूप थांबवायला बांधलेल्या दगडी बांधांपासून लांब राहा. लाट असताना बांधाच्या कडेने पाणी आत खेचलं जातं, शिवाय दगडावर आपटायची भीती असतेच.

दूरध्वनी: समुद्रातल्या संकटासाठी १९६, किनाऱ्यावरच्या कुठल्याही संकटासाठी ११२. दोन्ही फुकट.

पाणकोंबडा

जेलीफिशसाठी व्हिनेगरची बाटली सोबत ठेवा. चावली की ओतायचं. बाकी काही लागत नाही.

मीठभाकर

@पाणकोंबडा, थांबा. व्हिनेगर हा बॉक्स जेलीफिशवरचा उपाय आहे आणि तो सगळ्या जातींना लावता येत नाही. नीसच्या बाजूला त्रास देते ती मुख्यतः पेलाजिया नॉक्टिल्युका: जांभळट-गुलाबी, छत्री पाच ते दहा सेंटिमीटरची, अंगावर ठिपके, आणि तंतू ताणले तर काही मीटर लांब. तिच्या न फुटलेल्या डंखपेशी व्हिनेगरने फुटू शकतात, म्हणजे विष आणखी आत.

डंख झाल्यावर आधी पाण्याबाहेर या. घाबरून धडपडण्यातच जास्त माणसं अडचणीत येतात. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. नळाचं किंवा बाटलीतलं गोडं पाणी नको, त्यानेही पेशी फुटतात. टॉवेलने पुसायचं नाही, वाळूने घासायचं नाही, आणि लघवीचा उपाय तर कुणी सुचवला तरी ऐकायचा नाही. खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समसमान घेऊन दाट लगदा करा, दोन मिनिटं लावून ठेवा, मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हळूच खरवडून काढा. पुन्हा समुद्राचं पाणी. त्यानंतर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, पण वितळलेलं पाणी डंखावर ओघळू देऊ नका. सोड्याची छोटी पुडी आणि जुनं कार्ड, एवढाच सरंजाम लागतो.

डंख तोंडावर, डोळ्याजवळ किंवा अंगाच्या मोठ्या भागावर असेल, श्वास लागत असेल, ओठ सुजत असतील, उलट्या होत असतील, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट मदतकेंद्र किंवा ११२.

ही जेलीफिश दिवसा खोल असते आणि रात्री वर येते. काठाला ती वारा आणि प्रवाहाने येते, त्यामुळे आज ढीगभर आणि उद्या एकही नाही असं होतं. रात्रीचं पोहणं मात्र याही कारणाने टाळाच. किनाऱ्यावर पडलेली मेलेली जेलीफिशसुद्धा डंख मारते, मुलाला काठीनेही ढोसू देऊ नका. तीच काठी मग हातात येते.

आणखी दोन जीव. वाळूच्या किनाऱ्यावर 'व्हीव' नावाचा छोटा मासा वाळूत गाडून बसतो, पाठीचा काटा विषारी. पाय पडला की वेदना जबर, आणि पहिल्या अर्ध्या तासात वाढतच जातात. इथे उपचार जेलीफिशच्या बरोबर उलटा: गरम पाणी. ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात पाय अर्धा तास तरी बुडवून ठेवायचा, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. पाण्याचा अंदाज दुसऱ्याच्या किंवा न दुखावलेल्या पायाने घ्या, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. खडकांवर काटेरी काळे गोळे दिसतील, ते सी अर्चिन. काटा मोडून आत राहतो, चिमट्याने सरळ रेषेत ओढा. मुळापासून न आलेले बारीक तुकडे कोमट व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ होतात. म्हणजे पाणकोंबड्यांची बाटली अगदीच वाया जायची नाही.

पाणकोंबडा

मान्य. माझी माहिती दुसऱ्या समुद्राची होती.

कोथरूडकर

सगळ्यांचे आभार. गादी आणि व्हिनेगर दोन्ही यादीतून काढले. आणखी थोडं विचारतो. एक, मुलासाठी नीसऐवजी जवळपास कुठे? दोन, बायको अंगभर कपडे घालते, पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात गेलं तर चालतं का, कुणी हटकेल का? तीन, मुलाला दंडावरचे फुगे पुरेत का? आणि वडिलांना उतरू द्यावं का?

साळुंकी

मुलासाठी आंतीबची ग्राव्हेत. जुन्या गावाच्या तटबंदीखाली, बंदराला लागून, समोर बांध असल्यामुळे लाट आत येत नाही. वाळू आहे आणि पाणी हळूहळू खोल होतं. नीस-व्हिल स्थानकावरून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत आंतीब. व्हिलफ्रांश-स्युर-मेर त्याहून जवळ, सात-आठ मिनिटं, आणि मारिनियेर किनारा स्थानकाच्या थेट खाली. खाडी आडोशाची, पाणी नितळ, पण वाळू जाडसर आणि ग्राव्हेतपेक्षा लवकर खोल होतं. पहिला दिवस ग्राव्हेतला घालवा, मुलाचा अंदाज येईल. दोन्हीकडे अकरानंतर टॉवेलला टॉवेल लागतो. ग्राव्हेतला वाळू आहे, म्हणजे वर सांगितलेल्या माशासाठी बूट तिथेही.

काठावर तपकिरी, फितींसारख्या पानांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया नावाची समुद्री वनस्पती, पाणी स्वच्छ असल्याची खूण. अस्वच्छ पाणी कधी, तर जोराच्या पावसानंतर. नीस शहराखालून पायों नावाची नदी झाकलेल्या पाटातून वाहते आणि प्रोमनादपाशीच समुद्राला मिळते. वादळी पाऊस झाला की पुढचा दीड-दोन दिवस तिच्या मुखाजवळ उतरू नका. गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

उपरवारा

कपड्यांबद्दल. ओढणी, घेरदार कुर्ता, सलवार, साडी, जीन्स पाण्यात नको, आणि त्याचं कारण कुणी हटकेल हे नाही. भिजलेलं सुती कापड जड होतं, पायात गुंडाळतं आणि परतीच्या ओढीत शिडासारखं पाणी धरतं. घट्ट लेगिंग आणि पोहायचा लांब बाह्यांचा टीशर्ट घ्या. अंग झाकलं जातं, उन्हापासून बचाव होतो, आणि समुद्रकिनाऱ्यावर असे कपडे घातलेले बरेच लोक दिसतात. मुलालाही तोच टीशर्ट घाला. उघडी राहणारी कातडी ५० एसपीएफच्या मलमाने दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा माखायची. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी तीसेक मिली लागतं, बोटभर नव्हे.

हॉटेलचा किंवा नगरपालिकेचा तलाव हे मात्र वेगळं प्रकरण. फ्रान्समध्ये सार्वजनिक तलावात सैल बर्म्युडा चालत नाही, पुरुषांना घट्ट पोहण्याची चड्डी लागते आणि बऱ्याच ठिकाणी टोपीही. तुम्ही तलाववाले आहात म्हणून सांगून ठेवलं.

पोहण्याच्या कपड्यात गावात फिरणं मात्र बऱ्याच ठिकाणी दंडाचं काम, अंगावर काहीतरी चढवून मगच आईस्क्रीमला निघा. किनाऱ्यावर धूम्रपानाला २०२५ च्या उन्हाळ्यापासून देशभर बंदी आहे, दंड १३५ युरो. काही बायका वरचे कपडे न घालता ऊन खात असतात. तिथे ते नेहमीचं आहे. फोटो काढताना कॅमेरा कुठे वळलाय ते बघा, घरच्यांचा काढत असलात तरी.

दंडावरचे फुगे समुद्रात नकोत. एक निसटला की मूल एका बाजूला कलंडतं. तरंगतं जाकीट घ्या आणि त्यावरचा न्यूटनचा आकडा (तरंगवून धरण्याची ताकद) वाचा. ५० न्यूटनचं जाकीट पोहता येणाऱ्याला नुसता आधार देतं. १०० न्यूटनचं तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, तुमच्या मुलाला हे हवं. मापाचं आहे का ते असं बघा: घालून, सगळे पट्टे आवळून, मुलाला खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून वर उचला. जाकीट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. जाकीट असलं तरी मूल हाताच्या अंतरावर ठेवा. बुडणारं मूल ओरडत नाही, तोंड पाण्याच्या पातळीवर आलं की आवाज फुटायला श्वास उरत नाही.

मीठभाकर

वडिलांबद्दल मी लिहितो.

जूनअखेर नीसचं पाणी २१-२२ अंशांच्या आसपास. कोकणात ते २८-२९ असतं. वर ३० अंशांचं ऊन खाऊन त्यात एकदम उडी मारली तर अंगाला थंडीचा झटका बसतो: आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला तर पाणी आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही, आणि ६८ व्या वर्षी रक्तदाब असताना खरा धोका याच पहिल्या दोन मिनिटांत असतो.

जायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना गोळीचं नाव सांगा. लघवी वाढवणारी गोळी उन्हात अंगातलं पाणी कमी करते, बीटा ब्लॉकर (नाडी संथ ठेवणारी गोळी) असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही. त्यांनी होकार दिला तर असं करा: वीस मिनिटं सावलीत बसू द्या. मग मनगटं, मान, छाती या क्रमाने पाणी शिंपडायचं. मग कमरेपर्यंत, श्वास सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे. विहिरीची सवय म्हणून सूर मारायला जातील, ते आधीच बोलून ठेवा. जेवणावर वाईन घेतली असेल तर त्या दिवशी पाणी नाही. ग्राव्हेतसारख्या हळू खोल होणाऱ्या जागीच उतरवा, नीसच्या गोट्यांवरून सत्तरीला आलेल्या गुडघ्यांना बाहेर चढणं अवघड जातं. नीसमध्येच उतरायचं असेल तर कारास आणि सांतनेर या दोन किनाऱ्यांवर चालायला त्रास असणाऱ्यांसाठी उतार आणि पाण्यात जाणाऱ्या खुर्च्यांची सोय आहे, तिथे विचारा.

पंधरा-वीस मिनिटं बस झाली. ओठ निळे, दात वाजणं किंवा बोलताना अडखळणं दिसलं तर तेव्हाच बाहेर, कोरडा टॉवेल, कोरडे कपडे. हे मुलालाही लागू, पोरं 'अजून पाच मिनिटं' म्हणत थंडी लपवतात.

आणि फलकांवरचे चार फ्रेंच शब्द उच्चारासकट लिहून ठेवा. 'बेन्याद ॲंतेरदीत' म्हणजे पोहायला बंदी. 'मेद्यूझ' म्हणजे जेलीफिश. 'पोस्त द सकूर' म्हणजे मदतकेंद्र. 'ओ सकूर!' म्हणजे वाचवा. हा शेवटचा मुलाकडून घोकून घ्या.

कोथरूडकर

लिहून घेतलं. जाकीट १०० न्यूटनचं, मधल्या पट्ट्यासकट, इथूनच घेऊन जातो. म्हणजे सोसायटीच्या तलावात आधी दोनदा घालून बघता येईल.

उपरवारा

उत्तम. बूटही त्याच तलावात घालून पोहून बघा, दोघांनीही. बूट घालून पाय मारायला जड जातं, ते तिथे पहिल्यांदा कळायला नको.